निबंधाचा उपक्रम आणि उपसंहार : महाविद्यालयीन अध्यापनाची एक चिकित्सा

प्रास्ताविक

निबंधलेखनाच्या अध्यापनात प्रारंभ आणि शेवट यांचे महत्त्व सर्वच अध्यापक सांगतात. परंतु त्या दोहोंचे नेमके कार्य कोणते, याचा विचार क्वचितच होतो. 'सुरुवात आकर्षक असावी, शेवट परिणामकारक असावा' ही सूचना विद्यार्थी शाळेपासून पदवीपर्यंत ऐकत येतो. आकर्षण कशाचे आणि परिणाम कशाचा, हे मात्र त्याला कोणी सांगत नाही. त्यामुळे तो आपल्यापुरता एक मार्ग काढतो. प्रारंभी एखादा सुविचार किंवा पाठ केलेल्या काव्यपंक्ती आणि शेवटी 'म्हणून आपण सर्वांनी प्रयत्न केले पाहिजेत' असे आवाहन, या दोन ठरीव तुकड्यांच्या मध्ये तो विषयाची माहिती भरतो. पर्यावरण, स्त्रीशिक्षण, भ्रष्टाचार किंवा वाचनसंस्कृती, कोणताही विषय असला तरी ही दोन टोके सहसा बदलत नाहीत. प्रस्तुत लेखात या प्रघाताची चिकित्सा केली असून, प्रारंभ आणि शेवट हे निबंधाचे दोन अलंकार नसून एकाच विचाराची परस्परांना बांधलेली दोन टोके आहेत, हे मराठी वैचारिक परंपरेच्या आधारे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रघाताचे मूळ

या प्रघाताचा दोष केवळ विद्यार्थ्याच्या आळसाला देणे अन्यायाचे ठरेल. बुलडाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील डोणगाव आणि त्याच्या परिसरातील खेडी डोळ्यांसमोर आणली, तर प्रश्नाचे खरे स्वरूप लक्षात येते. कापूस, सोयाबीन आणि तूर पिकविणाऱ्या या भागातील कितीतरी विद्यार्थी आपल्या घरातून महाविद्यालयात येणारे पहिलेच असतात. त्यांची घरची बोली वऱ्हाडी असते आणि उत्तरपत्रिकेची भाषा प्रमाण मराठी असते. कोऱ्या कागदावर पहिले वाक्य लिहिताना आपली भाषा चुकीची ठरेल, ही धास्ती अशा विद्यार्थ्याच्या मनात असते. मार्गदर्शक पुस्तकातील तयार वाक्य त्याला सुरक्षित वाटते, कारण ते निदान चुकीचे नसते. म्हणजेच उसनी प्रस्तावना हे अनेकदा त्याच्या भीतीने घेतलेले पांघरूण असते.

मूल्यमापनही या भीतीला खतपाणी घालते. थोड्या वेळात पुष्कळ उत्तरपत्रिका तपासताना परीक्षकाची नजर पहिल्या चार ओळींवर आणि शेवटच्या दोन ओळींवर स्थिरावते, ही वस्तुस्थिती कोणताही अध्यापक नाकारणार नाही. तेथे अवतरण दिसले की अभ्यास दिसला, असे मानले जाते. मग विद्यार्थी शिकतो ते इतकेच, की निबंधात स्वतःचा विचार आवश्यक नसून विचारासारखे दिसणारे काहीतरी आवश्यक आहे. गुण एकदा मिळतात आणि विसरले जातात. ही शिकवण मात्र आयुष्यभर टिकते. या प्रश्नात खरे पणाला लागले आहे ते हेच.

तात्पर्यनिर्णयाचा जुना निकष

उपक्रम आणि उपसंहार हे शब्द मराठीत मीमांसाशास्त्रातून आले. एखाद्या ग्रंथाचे तात्पर्य कोणते, हे ठरविण्यासाठी मीमांसकांनी जी लक्षणे सांगितली, त्यांत पहिले स्थान उपक्रम आणि उपसंहार यांच्या एकवाक्यतेला आहे. त्यानंतर अभ्यास म्हणजे पुनरुक्ती, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती ही लक्षणे येतात. ग्रंथ जेथून निघाला आणि जेथे पोहोचला, त्या दोन ठिकाणांवरून त्याचा प्रवास कोणत्या दिशेचा होता हे कळते, असा या निकषाचा साधा आशय आहे.

लोकमान्य टिळकांनी हा निकष आधुनिक मराठी गद्यात वापरून दाखविला. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'च्या पहिल्याच प्रकरणात त्यांनी या लक्षणांचा ऊहापोह केला आहे. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा : गीतेच्या आरंभी अर्जुन युद्ध करण्याचे नाकारतो; शेवटी तो सांगितल्याप्रमाणे करण्यास तयार होतो. या दोन टोकांच्या मधला उपदेश कर्मत्यागाचा असता, तर शेवट असा झाला नसता. टिळकांचा निष्कर्ष सर्वांना मान्य होईलच असे नाही. त्यावर मतभेद झालेलेही आहेत. परंतु येथे महत्त्वाची आहे ती पद्धती. निबंधाच्या अध्यापकाला यातून एक काटेकोर कसोटी मिळते : मधला भाग झाकून केवळ पहिला आणि शेवटचा परिच्छेद वाचला, तर पहिल्यात उभ्या राहिलेल्या प्रश्नाचे उत्तर शेवटच्यात मिळते काय?

ठरीव निबंध या कसोटीवर टिकत नाही. त्याच्या प्रारंभात प्रश्नच नसतो. म्हणून त्याच्या शेवटाला उत्तर देण्यासारखे काही उरत नाही आणि तो आवाहनाकडे वळतो. दुर्बल समारोपाचे कारण बहुधा समारोपात नसून प्रस्तावनेत असते, हे अध्यापकाने प्रथम ओळखले पाहिजे.

मराठी निबंधातील तीन उदाहरणे

महात्मा जोतीराव फुले यांच्या 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) या ग्रंथाचा प्रारंभ या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. विद्येच्या अभावापासून निघून मती, नीती, गती आणि वित्त यांच्या ऱ्हासापर्यंत पोहोचणारी कारणपरंपरा फुले आरंभीच अत्यंत मोजक्या शब्दांत मांडतात. या ओळी आज भाषणांत आणि निबंधांत सुभाषितासारख्या वापरल्या जातात; मूळ ग्रंथात मात्र त्यांचे काम सुभाषिताचे नाही. ते सिद्ध करावयाचे विधान आहे आणि पुढील सर्व विवेचन, म्हणजे धर्माच्या नावाने होणारी नागवणूक, सरकारी कामगारांची वागणूक, शेतकऱ्याच्या घराची दैना, त्या विधानाचा पुरावा म्हणून येते. विद्यार्थी याच ओळी आपल्या निबंधाच्या डोक्यावर ठेवतो आणि पुढे त्यांचा उल्लेखही करीत नाही, तेव्हा विधानाचे तोरण होते. अवतरणाने प्रारंभ करणे हा दोष नाही. अवतरणाची जबाबदारी न घेणे हा दोष आहे.

विष्णुशास्त्री चिपळूणकर यांची 'निबंधमाला' १८७४ मध्ये सुरू झाली आणि तिचे ८४ अंक निघाले. मालेचा आरंभ मराठी भाषेच्या तत्कालीन स्थितीच्या विवेचनाने झाला आणि तिच्या अखेरच्या काळातील प्रसिद्ध निबंध 'आमच्या देशाची स्थिती' हा होय. भाषेच्या स्थितीपासून देशाच्या स्थितीपर्यंत झालेला हा प्रवास पाहिला, म्हणजे समारोप म्हणजे आरंभाची पुनरुक्ती नव्हे, हे स्पष्ट होते. आरंभीचा प्रश्न शेवटी अधिक व्यापक होऊन परत येतो. चिपळूणकरांच्या सर्वच मतांशी सहमत होणे आज शक्य नाही. तथापि विचाराला मोठे करीत नेण्याची त्यांची रीत अध्यापनाला उपयोगी आहे.

तिसरे उदाहरण ललित निबंधाचे आहे. इरावती कर्वे यांच्या 'परिपूर्ती' या लेखात प्रारंभी एका सभेत लेखिकेची ओळख करून दिली जाते. ती ओळख नामवंत नातेवाइकांच्या द्वारे होते आणि तरीही तीत काहीतरी उणे राहिल्याची भावना लेखिकेच्या मनात उरते. शेवटी रस्त्यावरच्या मुलांच्या बोलण्यात तिचा उल्लेख वर्गातल्या एका मुलाची आई म्हणून होतो आणि उणीव भरून निघते. येथे प्रस्तावनेत कोणतेही विधान नाही, समारोपात कोणताही निष्कर्ष नाही. परंतु आरंभी निर्माण झालेली अपूर्णता शेवटी पूर्ण होते. म्हणजे वैचारिक निबंधात प्रश्न आणि उत्तर यांचे जे नाते असते, ते ललित निबंधात उणीव आणि पूर्तता यांचे असू शकते. नाते मात्र असावेच लागते.

परिसरातील वाङ्मयीन संस्कार

ही बांधणी ग्रामीण विद्यार्थ्याला परकी आहे, असे मानण्याचे कारण नाही. वऱ्हाडातील गावोगावी हरिनाम सप्ताह होतात. कीर्तनकार निरूपणासाठी एक अभंग घेतो, त्याचे चरण एकामागून एक उलगडीत जातो, दृष्टांत देतो, दूर जातो आणि पुन्हा त्याच अभंगावर येतो. सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते. नारदीय कीर्तनातही पूर्वरंगात मांडलेला सिद्धांत उत्तररंगातील आख्यानाने दृढ केला जातो. हे सर्व ऐकत वाढलेल्या विद्यार्थ्याच्या कानाला उपक्रम आणि उपसंहार परिचित असतात. फक्त त्यांचा लेखनाशी असलेला संबंध त्याला कोणी दाखविलेला नसतो.

येथील विद्यापीठ ज्यांच्या नावाने ओळखले जाते, त्या संत गाडगेबाबांचे (१८७६-१९५६) उदाहरण तर अधिकच बोलके आहे. गाडगेबाबा श्रोत्यांना साधे साधे प्रश्न विचारीत, त्यांच्याकडूनच उत्तरे वदवून घेत आणि त्या उत्तरांवर पुढचा विचार रचीत. त्यांची भाषा लोकांच्या बोलीची होती. प्रभावी प्रारंभासाठी अलंकारिक भाषा लागत नाही, खरा प्रश्न लागतो, हे याहून चांगल्या रीतीने कोणते पाठ्यपुस्तक सांगू शकेल? विद्यार्थ्याने पहिला मसुदा आपल्या बोलीत बोलून किंवा लिहून पाहावा आणि नंतर तो प्रमाणभाषेत आणावा, अशी मुभा वर्गात दिली तर पहिल्या वाक्याची भीती पुष्कळ अंशी ओसरेल.

एक नमुना

वरील विवेचन वर्गात कसे आणता येईल, यासाठी 'लोणार सरोवर' हा विषय घेता येईल. हे सरोवर याच जिल्ह्यात, डोणगावपासून फार दूर नाही. ठरीव निबंध 'निसर्ग हा मानवाचा खरा मित्र आहे' या वाक्याने सुरू होतो आणि 'या ठेव्याचे जतन करणे आपले कर्तव्य आहे' या वाक्याने संपतो. पहिले वाक्य कोणत्याही डोंगराला, नदीला किंवा अभयारण्याला लावता येते. जी प्रस्तावना उचलून दुसऱ्या निबंधावर बसविता येते, ती कोणत्याच निबंधाची प्रस्तावना नसते.

याउलट प्रारंभ असा करता येईल : जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले, हजारो वर्षे जुन्या या विवरात असे काय घडले? या एका प्रश्नाने निबंधाचा मधला भाग आपोआप ठरतो. उल्कापाताने बेसाल्ट खडकात झालेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर, त्यातील खारट आणि अल्कधर्मी पाणी, उन्हाळ्यात बाष्पीभवनाने वाढलेली क्षारता आणि त्या क्षारतेत वाढणारे रंगद्रव्ययुक्त सूक्ष्मजीव, ज्यांचा उलगडा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केला, ही माहिती आता ओळीने सांगायची यादी राहत नाही, तर उत्तराची पायरी बनते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. समारोपात विद्यार्थी असे म्हणू शकेल, की पाण्याचा रंग बदलतो तो पाण्याचा स्वभाव बदलल्यामुळे. म्हणून लोणारचे जतन म्हणजे केवळ काठावरील देवळांचे आणि झाडीचे जतन नव्हे, तर पाण्याच्या खारेपणाचा तोल सांभाळणे होय. हा शेवटही जतनाविषयीच बोलतो. पण हे वाक्य त्याच निबंधातून निघालेले आहे आणि दुसऱ्या कोणत्याही निबंधाला लागू पडत नाही.

अध्यापनविषयक विचार

या पद्धतीवर एक आक्षेप संभवतो. दुर्बल विद्यार्थ्याला साचा हाच आधार असतो. तो काढून घेतला तर तो काहीच लिहू शकणार नाही. हा आक्षेप निराधार नाही. परंतु वाक्यांचा साचा आणि कृतीचा साचा यांत भेद केला पाहिजे. तयार वाक्य देण्याऐवजी तयार क्रम देता येतो : प्रथम विषयावर एक खरा प्रश्न लिहावा, नंतर त्याचे उत्तर एका वाक्यात लिहावे, मग मधले परिच्छेद लिहावेत, आणि शेवटी, निबंध कोठे पोहोचला हे कळल्यावर, पहिला परिच्छेद पुन्हा लिहावा. प्रस्तावना वाचकाला प्रथम भेटत असली तरी लेखकाने ती शेवटी पक्की करावी, ही गोष्ट विद्यार्थ्यांना सहसा सांगितलीच जात नाही.

वर्ग मोठा असल्यास सर्व निबंध तपासणे अध्यापकाला अशक्य असते. अशा वेळी विद्यार्थ्यांकडून केवळ पहिला आणि शेवटचा परिच्छेद लिहवून घ्यावा, जोड्या करून ते एकमेकांना वाचावयास द्यावेत आणि मधल्या निबंधात काय असेल याचा अंदाज करावयास सांगावे. अंदाज करता आला नाही, तर दोष कोठे आहे हे लिहिणाऱ्यालाच उमगते. परीक्षकांनीही अवतरणाला स्वतंत्र श्रेय देण्याऐवजी या दोन परिच्छेदांतील संबंधाला श्रेय द्यावे.

या कौशल्याची व्यावहारिक निकडही आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा मुख्य परीक्षेत निबंधाची २५० गुणांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते आणि ती मराठीतूनही लिहिता येते. महाराष्ट्र लोकसेवा आयोगानेही राज्यसेवा मुख्य परीक्षेसाठी वर्णनात्मक पद्धती स्वीकारली असून तीत निबंधाला स्थान आहे. तेथे हजारो उमेदवार तीच सुभाषिते लिहितात. तेव्हा उसन्या वाक्याची सुरक्षितताही भ्रामक ठरते.

समारोप

प्रारंभ आणि शेवट शिकविणे म्हणजे शैली शिकविणे, असे समजले गेल्यामुळे हा विषय अलंकारांच्या यादीत जाऊन पडला. वस्तुतः तो विचार शिकविण्याचा विषय आहे. मीमांसकांनी ग्रंथाला जो प्रश्न विचारला, तोच अध्यापकाने विद्यार्थ्याच्या निबंधाला विचारावयाचा आहे : हा कोठून निघाला आणि कोठे पोहोचला? हा प्रश्न विचारला जातो, याचा अर्थ विद्यार्थ्याला काही म्हणावयाचे आहे असे त्याच्या अध्यापकाने गृहीत धरले आहे. घरातून महाविद्यालयात येणाऱ्या पहिल्या पिढीतील मुलामुलींना सुंदर वाक्यांपेक्षा या गृहीतकाची गरज अधिक आहे. ते मिळाले, तर पहिले वाक्य त्यांना उसने घ्यावे लागणार नाही.