दोन पेट्या, एक मत
(चिनुआ अचेबे ह्यांच्या ‘द व्होटर’ ह्या कथेविषयी)

मत विकणाऱ्या माणसाला हसणे सोपे आहे. त्याने ते का विकले हे त्याच्या अंगणात उभे राहून पाहणे अवघड. निवडणुकीतील लाचलुचपतीवर लिहिताना लेखक बहुधा उपहासाचा आश्रय घेतो, आणि उपहासात एक सोय असते: वाचक आपोआप शहाण्यांच्या बाजूला जाऊन बसतो. नायजेरियाचे कथाकार चिनुआ अचेबे (१९३०–२०१३) ह्यांनी आपल्या ‘द व्होटर’ ह्या छोट्याशा कथेत ही सोय वाचकाला फार वेळ भोगू दिली नाही. १९६५ साली प्रथम प्रसिद्ध झालेली ही कथा पुढे ‘गर्ल्स ॲट वॉर’ ह्या १९७२ च्या संग्रहात आली. नायजेरिया १९६० मध्ये स्वतंत्र झाला होता, आणि मतपेटीची नवलाई अद्याप ओसरलेली नव्हती.

कथेचा नायक रूफ हा गावातला लोकप्रिय तरुण. सायकलदुरुस्तीची उमेदवारी सोडून तो शहरातून गावी परतला आहे आणि मंत्री मार्कस इबे ह्यांचा निवडणुकीतला हुकमी माणूस झाला आहे. मार्कस पूर्वी मिशनच्या शाळेत बेताचाच यशस्वी शिक्षक होता. आज त्याच्यापाशी लांबलचक मोटारी आहेत, आणि गावाने कधी पाहिले नव्हते असे घर. पहिल्या खेपेस गावकऱ्यांनी त्याला फुकट मते दिली. पाच वर्षांत त्याचे वैभव पाहिल्यावर त्यांना उमगले, की आपण त्या कागदाची किंमत फारच कमी लावली होती. कथेचे मर्म ह्या जाणिवेत आहे. गावकरी भ्रष्ट झाले म्हणून मत विकत नाहीत. सत्तेचा नफा कोठे जातो हे त्यांनी पाहिले आहे, आणि त्यातला आपला वाटा तो हातचा निसटण्यापूर्वी ते मागून घेत आहेत.

रूफ वडीलधाऱ्यांकडे रात्री जातो, तो प्रसंग ह्या दृष्टीने वाचावा. तो प्रत्येकापुढे दोन शिलिंग ठेवतो. मार्कसविषयीचा त्याचा प्रत्येक शब्द वडील मंडळी मान्य करतात, मतांचे वचनही देतात. फक्त एवढ्या थोर माणसाने एवढी थोडी रक्कम पाठवावी ह्याची त्यांना लाज वाटते! नाणी वाढतात तेव्हाच सौदा मिटतो. येथे याचना नाही, मिंधेपणाही नाही. म्हणी आणि मानपान ह्यांनी सजलेली ती रीतसर घासाघीस आहे. आश्रयदाता आणि आश्रित ह्यांचे नाते एकतर्फी असते, हा आपला समज हा प्रसंग पुसून टाकतो.

परंतु ह्या विनोदाखाली एक वेदना आहे, आणि ती गावाच्या नावात दडलेली आहे. हे गाव आहे उमुओफिया. अचेबे ह्यांच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ (१९५८) ह्या कादंबरीतले. तेथे दवंडी पिटली की हजारो पुरुष बाजाराच्या मैदानात जमत आणि युद्ध की तह ह्याचा विचार सर्वांसमक्ष होई. त्याच गावात आता निर्णय दिव्याच्या उजेडात, मोजक्या माणसांत आणि नाण्यांच्या आवाजात होतो. लोकशाही आली आणि सभा संपली, असा हा विपर्यास आहे. लेखक तो बोलून दाखवीत नाही. ज्याने कादंबरी वाचली आहे त्यालाच तो जाणवतो.

मग विरोधी पक्षाचा माणूस रूफकडे येतो. पाच पौंडांच्या लाल नोटा जमिनीवर पडतात. त्यांवरील कापणी करणाऱ्या कोको-शेतकऱ्याच्या चित्रावरून रूफची नजर हलत नाही. मात्र मतदान गुप्त असताना विकत घेतलेल्या मताची खात्री कोणी द्यावी? राज्यशास्त्रज्ञ सुझन स्टोक्स ह्यांनी २००५ साली अर्जेंटिनाच्या अभ्यासातून दाखविले, की पक्षाची माणसे मतदारांच्या शेजारीपाजारीच वावरत असल्याने कोणाचे मत कोठे पडले असेल ह्याचा अदमास त्यांना घेता येतो. अचेबे ह्यांनी चाळीस वर्षे आधी ह्याहून जुनी युक्ती नोंदविली: पाहुण्याने बरोबर दैवत आणले आहे. मातीच्या घटातील त्या उग्र देवतेसमोर रूफला शपथ घ्यावी लागते. बेलभंडार उचलून दिलेल्या शब्दाचे ओझे जाणणाऱ्या मराठी वाचकाला रूफच्या पोटातला गोळा समजावून सांगावा लागत नाही.

शेवट प्रसिद्ध आहे. मतदानाच्या खोलीत दोन पेट्या आहेत: एकीवर मोटारीचे चित्र, दुसरीवर माणसाच्या मस्तकाचे. रूफ मतपत्रिका घडीवर फाडतो, एक तुकडा एका पेटीत टाकतो, दुसरा दुसरीत. आणि आला होता तितक्याच ऐटीत बाहेर पडतो. त्याने धन्याशी इमान राखले, दैवताचीही शपथ पाळली. दोन्ही शब्द खरे ठरले, आणि मत मात्र कोणालाच मिळाले नाही. सज्जनपणाचे सारे नियम पाळूनही माणूस नागरिक म्हणून शून्य होऊ शकतो, हे इतक्या थोडक्यात सांगणारे दुसरे चित्र मला ठाऊक नाही.

कथेत उणिवा नाहीत असे नव्हे. वडील मंडळी आपल्या बायकांची मतेही परस्पर देऊन टाकतात. त्या बायकांना कथेत आवाज नाही. मार्कसही सुटतो फार स्वस्तात. ही दुसरी उणीव जणू १९६६ च्या ‘अ मॅन ऑफ द पीपल’ ह्या कादंबरीने भरून काढली. तेथील नांगा हाही मास्तरकीतून मंत्रिपदावर चढलेला. पण तेथे हसू मावळते आणि राज्य लष्कराच्या हाती जाते. कादंबरी प्रसिद्ध झाली त्याच जानेवारीत नायजेरियात पहिले लष्करी बंड झाले.

भारतातही १९५१-५२ व १९५७ च्या सार्वत्रिक निवडणुकांत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे आणि तीवर त्याचे चिन्ह असे. त्या पेट्या गेल्या, मतपत्रिकेच्या जागी यंत्र आले. त्या यंत्राला मत फाडता येत नाही. परंतु रूफचा पेच यंत्रात नव्हता. ज्याला राज्याकडून हक्काने काही मिळत नाही, तो ते माणसांकडून उपकाराने घेतो आणि उपकार फेडणे हाच धर्म मानतो. त्याला हसण्यापूर्वी, हक्काचे देणे त्याच्या दारी कोणी पोचविले होते काय, हे विचारावयास हवे. अचेबे ह्यांची कथा हा प्रश्न विचारीत नाही. वाचून झाल्यावर तो आपल्याच मनात उभा राहतो.