होडीतला दुसरा प्रवासी

हेन्री डेव्हिड थोरो म्हटले की मराठी वाचकाला ‘वॉल्डन’ आठवते. दुर्गा भागवतांनी ते मराठीत आणले आणि तळ्याकाठची ती झोपडी आपल्या परिचयाची झाली. परंतु त्या झोपडीत राहायला गेल्यावर थोरोने प्रथम लिहायला घेतले ते दुसरेच पुस्तक: ‘काँकॉर्ड आणि मेरिमॅक नद्यांवरील एक आठवडा’. ते आज क्वचितच कोणी उघडते. तरुण मनाची घडण पाहायची असेल, तर मात्र ‘वॉल्डन’च्या आधी याच पुस्तकाकडे वळावे.

अमेरिकेतील काँकॉर्ड गावी जॉन आणि हेन्री हे दोघे भाऊ मिळून शाळा चालवीत. ३१ ऑगस्ट १८३९ रोजी, स्वतः बांधलेल्या होडीतून, ते प्रवासाला निघाले. हेन्री तेव्हा २२ वर्षांचा होता. प्रवास झाला दोन आठवड्यांचा. पुस्तकात मात्र तो शनिवार ते शुक्रवार अशा सात प्रकरणांत बसविला आहे.

निसर्गाकडे पाहण्याची थोरोची दृष्टी येथेच प्रथम पूर्णपणे उमटते. बिलरिका येथील धरणामुळे समुद्रातून नदीत चढून येणाऱ्या माशांची वाट अडते. हे पाहून तो हळहळून थांबत नाही. त्या मुक्या जिवांची बाजू घेतो आणि त्या बांधावर पहार चालवता आली तर, असा विचारही बोलून दाखवतो. सौंदर्याच्या वर्णनापलीकडे जाऊन न्यायाचा प्रश्न विचारणारा हा तरुण आहे.

ग्रंथाचे दोषही तितकेच ढळढळीत आहेत. होडी जरा पुढे सरकते न सरकते तोच ग्रीक कवी, भगवद्गीता, मैत्री अशा विषयांवर दीर्घ निबंध सुरू होतात आणि नदी दिसेनाशी होते. रविवारच्या प्रकरणात तो चर्चवर कठोर टीका करतो. उपासनेहून परतणारी माणसे पुलावरून या भावांकडे टवकारून पाहतात, तेव्हा त्या दिवसाचे खरे पावित्र्य आपणच पाळत आहोत असे त्याला वाटते. यात तारुण्याचा अहंकार आहे. त्याला दांभिकता दिसते, पण त्याच चर्चमधून निघून आजाऱ्याच्या उशाशी जाऊन बसणारी माणसे दिसत नाहीत. तरीही नव्या कराराविषयी तो मनापासून आदराने लिहितो, आणि नदीकाठी गळ टाकून बसलेल्या एका वृद्धाच्या मासेमारीत त्याला पवित्र संस्काराची गंभीरता जाणवते. श्रद्धेची ओढ त्याला होती. घाई होती ती निवाडा देण्याची.

मग हे पुस्तक का वाचावे? याचे उत्तर होडीतल्या दुसऱ्या प्रवाशात आहे. जानेवारी १८४२ मध्ये दाढीच्या वस्तऱ्याने बोट कापल्याचे निमित्त होऊन जॉन धनुर्वाताने गेला. हेन्री इतका खचला की तीच लक्षणे त्याच्या अंगावर दिसू लागली. १८४५ साली तो वॉल्डनकाठी राहायला गेला, तो हा प्रवास शब्दांत उतरवण्याचा संकल्प घेऊन. आरंभीच्या कवितेत तो भावालाच आपली स्फूर्तिदेवता होण्याची विनवणी करतो. पण पुढे जॉनचे नाव कोठेही नाही. आहे ते केवळ ‘आम्ही’. हा शब्द येतो तेव्हा वल्हे मारणारे हात दोघांचे असतात, आणि लिहिणारा एकटा असतो. ते निबंधही मग निराळे वाटू लागतात. भावाविषयी थेट बोलणे अशक्य झाल्यामुळे तो मैत्रीविषयी इतके बोलत असावा.

१८४९ साली पदरमोड करून हे पुस्तक निघाले. हजार प्रतींपैकी ७०६ प्रती १८५३ मध्ये घरी परत आल्या. त्या पाठीवरून माडीवर चढवताना त्याने रोजनिशीत स्वतःचीच थट्टा केली. बाविसाव्या वर्षीच्या त्या तरुणाला हे हसणे साधले असते असे वाटत नाही.

सहलीहून परतलेल्या मुलाला आपण लगेच विचारतो, ‘काय शिकलास?’ थोरोला हे सांगायला दहा वर्षे लागली. प्रवासाने त्याला दृश्ये दिली. पण ती कोणाबरोबर पाहिली, हे शोकाने शिकवले. आपल्या तरुण लेखकांनी डोंगर-नद्यांविषयी जरूर लिहावे. मात्र शेजारी कोण बसले होते, हे लिहिताना विसरू नये.