डब्यातल्या ‘ऊर्जे’ची तपासणी

कार्य करण्याची क्षमता म्हणजे ऊर्जा, ही व्याख्या आपण दरवर्षी फळ्यावर लिहितो. हाच शब्द शाळेसमोरच्या दुकानात चकचकीत डब्यांवर आणि बाटल्यांवर छापलेला असतो. ‘एनर्जी ड्रिंक’ प्या आणि थकवा विसरा, असे जाहिरात सांगते. जाहिरातीतले वाक्य हेही एक विधानच असते आणि विधान तपासून पाहणे हा तर आपला रोजचा व्यवसाय. म्हणून पुस्तकाचे परीक्षण करावे तसे या डब्यावरच्या मजकुराचे परीक्षण करू.

या पेयांचे गिऱ्हाईक आता केवळ परीक्षेसाठी जागणारा विद्यार्थी राहिलेला नाही. पहाटे पाचला उठून डबे भरणारी आणि सव्वासातची लोकल गाठणारी आई, रात्रपाळी संपवून मुलाला शाळेत सोडायला जाणारे वडील यांच्याही हातात हा डबा दिसतो. त्यांचा थकवा खरा आहे. प्रश्न एवढाच, की डबा त्यावर नेमके काय करतो?

प्रथम ऊर्जेचा हिशेब. रेड बुलच्या २५० मिलिलिटरच्या नेहमीच्या डब्यात सुमारे २७ ग्रॅम साखर असते. एका ग्रॅमला ४ किलोकॅलरी धरल्या तर १०८ किलोकॅलरी होतात. तीस ग्रॅम कणकेच्या एका पोळीतही साधारण १०० किलोकॅलरी असतात. म्हणजे डब्यातली मोजता येणारी ऊर्जा एका पोळीएवढी. पोळीतला स्टार्च सावकाश पचतो, सोबत थोडी प्रथिने आणि तंतू मिळतात. पेयातली साखर मात्र चटकन रक्तात उतरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या सल्ल्यानुसार वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवलेली उत्तम. एक डबा ही मर्यादा एकाच बैठकीत ओलांडतो.

याच पेयाचा बिनसाखरेचा प्रकारही मिळतो. त्यात किलोकॅलरी जवळजवळ शून्य, म्हणजे विज्ञानाच्या भाषेत ऊर्जा नाहीच. तरीही तो प्याल्यावर तरतरी येते! प्रयोगात एक घटक काढून टाकला आणि परिणाम तसाच राहिला, तर तो परिणाम त्या घटकाचा नव्हता, असे आपण मुलांना शिकवतो. तोच नियम इथे लावा. तरतरी ऊर्जेमुळे येत नाही, हे कंपनीच्याच दोन डब्यांनी सिद्ध होते.

मग ती कशामुळे येते? कॅफीनमुळे. आपल्या पेशी एटीपी नावाचा रेणू मोडून काम करतात. या रेणूचा एक भाग म्हणजे ॲडेनोसीन. आपण जागे असतो तसतसे मेंदूत ॲडेनोसीन साचत जाते, मेंदूतील पेशींवरच्या ठरावीक जागांवर जाऊन बसते आणि ‘आता थांब, झोप’ असा निरोप देते. कॅफीनच्या रेणूची घडण ॲडेनोसीनशी इतकी मिळतीजुळती आहे, की तो त्याच जागा अडवून बसतो. निरोप पोचत नाही, पण ॲडेनोसीन साचायचे थांबत नाही. गाडीच्या टाकीतले पेट्रोल संपत आले असताना काट्यावर कागद चिकटवावा, तसा हा प्रकार. कॅफीनचा अंमल ओसरला की अडवलेला निरोप एकदम पोचतो, आणि मग दुसरा डबा उघडला जातो.

लेबलावरची उरलेली नावे वजनदार वाटतात. टॉरीन हे १८२७ साली टीडेमान आणि ग्मेलिन या जर्मन शास्त्रज्ञांनी बैलाच्या पित्तातून वेगळे केले, म्हणून त्याला बैलावरून नाव पडले. आज ते कारखान्यात बनते, आपले शरीरही ते तयार करते, आणि मासे व मांसातूनही ते मिळते. तरतरी येण्यात त्याचा स्वतंत्र वाटा असल्याचे नीट सिद्ध झालेले नाही. ‘ब’ गटातली जीवनसत्त्वे अन्नातून ऊर्जा मिळवण्याच्या क्रियेला लागतात, हे खरे. पण चूल पेटवायला एक काडी पुरते. पेटीभर काड्या ओतल्याने सरपण वाढत नाही. आहारात कमतरता नसेल, तर जादा मात्रेचा बराचसा भाग लघवीवाटे निघून जातो.

ही टीका नवी नाही. साध्या कॉफीपेक्षा हे पेय जास्त काही देते या दाव्याला आधार नाही, अशी तक्रार अमेरिकेत न्यायालयात गेली, तेव्हा २०१४ साली रेड बुल कंपनीने १ कोटी ३० लाख डॉलरची तडजोड केली. चूक मात्र तिने मान्य केली नाही. आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांत या मालाचा वर्ग ‘कॅफीनयुक्त पेय’ असा आहे. ऊर्जा हा शब्द त्या नावात नाही. कायद्याने दिलेले नाव आणि बाजाराने दिलेले नाव शेजारी शेजारी लिहून पाहा. कोणते प्रामाणिक आहे ते विद्यार्थीच सांगतील.

इथे न्यायबुद्धीने एक गोष्ट सांगायला हवी. कॅफीन म्हणजे विष नव्हे. रेड बुलच्या त्या डब्यात ते ८० मिलिग्रॅम असते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेनुसार १५० मिलिलिटर चहात ३० ते ६५ आणि गाळलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफीन असते. दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा पाळावी, असे ही संस्था सांगते. म्हणजे निरोगी प्रौढाने कधीमधी एक डबा प्याला म्हणून अनर्थ ओढवत नाही. पण दिवसातून चार कप चहा घेणाऱ्याने वर दोन डबे प्याले, तर बेरीज मर्यादेच्या पलीकडे जाऊ शकते. ही बेरीज लेबल करून देत नाही.

वेळेचा हिशेब तर लेबलावर मुळीच नसतो. प्रौढाच्या शरीरातले कॅफीन निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात. दुपारी चारला घेतलेल्या ८० मिलिग्रॅमपैकी रात्री नऊला ४० आणि पहाटे दोनला २० मिलिग्रॅम शिल्लक असतात. डेट्रॉइटमधील संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिले, की झोपण्याच्या सहा तास आधी घेतलेले ४०० मिलिग्रॅम कॅफीनही झोप तासाभराहून अधिक कमी करते. म्हणजे आजचा थकवा झाकण्यासाठी घेतलेले पेय उद्याचा थकवा तयार करते. व्याजाने पैसे काढून जुने व्याज फेडावे, तसेच हे.

मुलांच्या बाबतीत ही गोष्ट अधिक गंभीर आहे. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली मुलांसाठी शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ३ मिलिग्रॅमची मर्यादा सुचवली. पंचवीस किलोच्या मुलाला ती ७५ मिलिग्रॅम होते. एका डब्याने ती ओलांडली जाते. लहान मुले, गरोदर आणि स्तनदा माता यांनी हे पेय घेऊ नये, असा इशारा डब्यावरच बारीक अक्षरांत असतो. तान्ह्या बाळामुळे रात्र रात्र जागणारी आई ही खरे तर सर्वांत थकलेली पालक. पेय तिच्यासाठी नाही, हे पेयच सांगते! पोलंडने १ जानेवारी २०२४ पासून १८ वर्षांखालील मुलांना अशी पेये विकण्यास बंदी केली. महाराष्ट्रातही शाळांपासून ५०० मीटरच्या आत जास्त कॅफीनच्या पेयांची विक्री बंद करू, असे मंत्र्यांनी जुलै २०२४ मध्ये विधान परिषदेत जाहीर केले. पण घरच्या फ्रिजमध्ये आईबाबांचा डबा असेल, तर ५०० मीटरांची रेषा काय करणार?

मग थकलेल्या पालकांनी करायचे काय? आधी थकव्याचे कारण शोधायचे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. रक्तात हिमोग्लोबिन कमी असेल तर पेशींना ऑक्सिजन अपुरा मिळतो. दम लागतो, गळून जायला होते. अशा बाईला डबा देणे म्हणजे दुखणे झाकणे. तिला रक्ताची साधी तपासणी, पालेभाज्या, कडधान्ये, सोबत लिंबू किंवा आवळा, आणि डॉक्टरांनी सांगितल्यास लोहाच्या गोळ्या हव्यात. चहा-कॉफी जेवणाच्या आधी व नंतर तासभर टाळली तर लोह अधिक शोषले जाते. थायरॉइडचे विकार आणि मधुमेह यांतही थकवा हे लक्षण असते. आठवडेच्या आठवडे थकवा हटत नसेल, तर दुकानाऐवजी दवाखान्याची पायरी चढावी.

बाकीचे उपाय साधे आहेत: ठरावीक वेळेची झोप, सकाळचा उजेड, न चुकवलेली न्याहारी, मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे, पुरेसे पाणी, पंधरा मिनिटांचे भरभर चालणे, आणि शक्य असेल तिथे वीस मिनिटांची डुलकी. दुपारनंतर कॅफीन नको.

पण एवढे सांगून थांबलो, तर आपणही जाहिरातीसारखेच अर्धे बोललो असे होईल. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे देत असल्याचे दिसले. ‘लवकर झोपत जा’ हा सल्ला यातल्या कोणाला पाळता येईल? घरात भांडी कोण घासतो आणि डबा कोण भरतो, हाही झोपेचाच प्रश्न आहे. तो कोणत्याही पेयाने सुटणारा नाही.

वर्गासाठी एक उपक्रम सुचवतो. मुलांना रिकामे डबे आणि बाटल्या आणायला सांगा. साखर, कॅफीन आणि किलोकॅलरी यांचा तक्ता करा. दर पाच तासांनी निम्मे होणाऱ्या कॅफीनचा आलेख काढा. मग प्रत्येकाने आपल्या घरात कोण किती वाजता झोपतो, किती वाजता उठतो आणि मधल्या वेळात कोणते काम करतो, याची आठवडाभर नोंद ठेवावी. ही नोंद पालकसभेत पालकांपुढे ठेवा. डब्यावरच्या दाव्याचे उत्तर त्या वहीत सापडेल, आणि कदाचित घरातल्या कामांची वाटणीही त्याच संध्याकाळी बदलेल.