सगळं जेट लीचं, फक्त जेट ली नाही

आमच्या इचलकरंजीत एका बोळात प्लेस्टेशन २ चं पार्लर होतं. तासाला १५ रुपये. मी सहावीत होतो. बाकीची पोरं क्रिकेट नाहीतर गाड्यांचे गेम लावायची. मी आणि माझा चुलतभाऊ 'राइज टू ऑनर' लावायचो, कारण त्यात जेट ली होता. तोच, ज्याचे हिंदीत डब केलेले पिक्चर आम्ही रविवारी दुपारी सगळे झोपले की आवाज बारीक करून बघायचो. आमच्यासाठी जगातला सगळ्यात भारी गेम तोच होता.

गेल्या महिन्यात एका मित्राचा जुना पीएस २ उसना आणला आणि तो पुन्हा खेळलो. एका सुट्टीच्या दिवसात संपला. लहानपणीची गोष्ट मोठेपणी छोटी वाटते, हे माहीत होतं. पण इथे प्रकरण वेगळं निघालं. गेम जुना झालाय म्हणून नव्हे, तर तो पहिल्यापासूनच पोकळ होता म्हणून वाईट वाटलं.

२००४ मध्ये सोनीने हा गेम काढला तेव्हा कागदावर काहीच कमी नव्हतं. जेट लीचा नुसता चेहरा विकत घेतला नव्हता. त्याने स्वतः मोशन कॅप्चर केलं होतं, म्हणजे गेममधला माणूस हात-पाय हलवतो ते खरोखर जेट लीचे हात-पाय. मारामाऱ्या बसवल्या कोरी युएनने. 'फाँग साय-युक' दिग्दर्शित करणारा आणि 'रोमिओ मस्ट डाय'च्या मारामाऱ्या बसवणारा हा माणूस. गोष्टही हाँगकाँगच्या पिक्चरसारखी. किट युन हा छुपा पोलीस एका टोळीच्या बॉसचा अंगरक्षक म्हणून राहतोय. बॉस मारला जातो आणि मरताना एक पत्र त्याच्या हाती देतो, सॅन फ्रान्सिस्कोतल्या मुलीला पोचवायला.

मग बिघडलं कुठे? उजव्या हाताच्या अंगठ्यात.

या गेममध्ये ठोसा आणि लाथ यांना वेगळी बटणं नाहीत. उजवी स्टिक ज्या दिशेला ढकलाल, त्या दिशेला जेट ली मारतो. मागून कुणी आला, स्टिक मागे. डावीकडून आला, डावीकडे. कल्पना खरंच हुशार आहे. चारी बाजूंनी माणसं तुटून पडतात आणि मधे एकटा माणूस मान न वळवता सगळ्यांना झोपवतो, हे पिक्चरमधलं दृश्य पकडायला याहून सोपा मार्ग नाही. पहिली दहा मिनिटं आपण स्वतःच जेट ली आहोत असं वाटतं.

अकराव्या मिनिटाला कळतं, की मी फक्त दिशा सांगतोय. कोणता वार, किती जोरात, का, हे सगळं गेम ठरवतो. आम्हा प्रोग्रामर लोकांच्या भाषेत सांगायचं तर, माझ्या इनपुटमध्ये निर्णयच नाही. समोरचे गुंडही जवळपास तसेच. ते येतात, पडतात, पुढचे येतात. अडवणं आहे, उलटा वार आहे, आणि मोठ्या खलनायकांशी लढताना ते वापरावंही लागतं. पण अधल्यामधल्या गर्दीत स्टिक गरागरा फिरवली तरी बऱ्याचदा भागतं. मग गेम मधेच बंदूक हातात देतो, तिथेही तेच. त्या दिशेला स्टिक, गोळ्या आपोआप.

यात जेट लीचं अपयश नाही. झालंय ते असं, की त्याच्यातलं जे सहज रेकॉर्ड होतं, तेवढंच रेकॉर्ड झालं. सत्तरच्या दशकात तो चीनचा राष्ट्रीय वुशू विजेता होता, पण ते वुशू म्हणजे समोरासमोरची लढत नव्हे. ठरलेल्या हालचालींची मालिका परीक्षकांसमोर करून दाखवायची, असा तो प्रकार. त्यात शरीर एकट्याने देखणं दिसतं. मोशन कॅप्चरला नेमकं हेच हवं असतं. पिक्चरमध्ये मात्र त्या देखण्या शरीरासमोर दुसरा माणूस उभा राहतो आणि मग मजा येते.

'फिस्ट ऑफ लेजंड' (१९९४) मधली यासुआकी कुराताबरोबरची लढत आठवा. वाऱ्याने धूळ डोळ्यांत जाते, म्हणून म्हातारा जपानी गुरू सुचवतो की दोघांनीही डोळे बांधून लढूया. दोघे एकमेकांना ऐकत, चाचपत लढतात. मारामारी संपते तेव्हा दोघेही काहीतरी शिकलेले असतात. ती लढत म्हणजे दोन माणसांमधलं संभाषण आहे. 'राइज टू ऑनर'मध्ये एकच माणूस बोलतो आणि बाकीचे पडतात.

हे मला गेममधून नाही, नाकावर बसलेल्या ठोशातून कळलं होतं. आठवीत शाळेच्या मैदानावर कराटेच्या क्लासला जायचो. काता मला उत्तम यायचा. घरी आरशासमोर तासन् तास करायचो, डोक्यात अर्थातच जेट ली. मग पहिल्यांदा जोडी लावून लढायला उभं केलं. मी सुंदर पवित्रा घेतला आणि समोरच्या पोराने सरळ नाकावर दिली. सर म्हणाले, "अरे, स्वतःकडे काय बघतोस? त्याच्याकडे बघ की!"

नावाजलेला माणूस घ्या, हे सूत्र चुकीचं नाही, पण अपुरं आहे. २०२२ साली स्लोक्लॅप या फ्रेंच स्टुडिओचा 'सिफू' आला. त्यात कुणी स्टार नाही. पण दर मरणाला नायकाचं वय वाढतं. तो म्हातारा होत जातो, वार जड होतात, जीव कमी होतो. त्यामुळे आधी कुठे चुकलो, कोण कसा मारतो, हे लक्षात ठेवावंच लागतं. तो गेम तुम्हाला समोरच्याकडे बघायला लावतो. जेट लीच्या पिक्चरचा आत्मा, जेट ली नसलेल्या गेममध्ये जास्त आहे.

मला हे टोचलं, कारण मीही असले डेमो केलेत. क्लायंटपुढे एकच ठरलेला रस्ता झकास चालतो, टाळ्या पडतात. दुसरं बटण दाबलं तर मागे काहीच नाही. लिहिणाऱ्याला ते माहीत असतं. बघणाऱ्याला कळायला वेळ लागतो. मला सोळा-सतरा वर्षं लागली.

चुलतभावाला फोन करून सांगितलं, गेम टुकार आहे रे. तो म्हणाला, "असू दे. आपण बघायचो कुठे? भांडायचोच जास्त, स्टिक कुणाकडे म्हणून."

बरोबर होतं त्याचं. दुसरा माणूस शेजारी बसलेला होता. गेममध्ये जो नव्हता, तो.