पाप कुणाचे, शील कुणाचे?

दलितांचे चारित्र्य घडवण्याची चिंता आजवर दलितांपेक्षा इतरांनीच जास्त वाहिली आहे. गावाने वाहिली, सरकारने वाहिली, मिशननेही वाहिली. यांपैकी मिशनचा दावा गंभीरपणे तपासावा असा आहे, कारण तो कोरडा उपदेश नव्हता. त्याच्यामागे शाळा होती, दवाखाना होता. मिरजेला १८९४ साली डॉ. वॉन्लेस यांनी रुग्णालय उभे केले. अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचे काम कोल्हापूर, सांगली, कोडोली या ठिकाणांबरोबर आमच्या इस्लामपुरातही होते. ज्याची सावली गावाला चालत नव्हती, त्याची नाडी तिथे हातात धरली गेली आणि त्याच्या पोराच्या हाती पाटी आली. हे ऋण नाकारणे हा कृतघ्नपणा होईल. तरीही एक प्रश्न उरतो. ख्रिस्ती नीतीने माणूस घडतो असे सांगितले जाते, तेव्हा त्या नीतीत अन्याय करणाऱ्याचे नाव घेण्याची सोय आहे काय?

या प्रश्नाचे पहिले उत्तर मिशनच्याच पानांत सापडते. १८५५ साली अमेरिकन मराठी मिशनच्या ‘ज्ञानोदय’मध्ये मुक्ता साळवे या मांग समाजातल्या चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध छापला गेला. ती जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकत होती. तिने जमिनीवरून हुसकावलेल्यांबद्दल लिहिले, इमारतीच्या पायात पुरलेल्या महार-मांगांबद्दल लिहिले, छपराविना बाळंत होणाऱ्या बायांबद्दल लिहिले. आणि वेद ज्यांचे त्यांनाच असतील तर आमचा धर्म कोणता, असा सवाल केला. पान मिशनचे होते, पण आपण पापी आहोत, आपले अंतःकरण शुद्ध व्हावे, असा सूर त्या निबंधाचा नाही. दोष कुठे आहे हे त्या पोरीला पक्के ठाऊक होते. मराठीतील दलित नीतिविचाराचा आरंभ मी या निबंधापासून धरतो.

त्याच वर्षी जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ लिहिले. त्यात एक पाद्री आहे. जोशाने पोटातल्या गर्भाची भीती घालून नागवलेल्या कुणबी जोडप्याला तो फसवणुकीचा सगळा हिशेब उलगडून दाखवतो. जोतीराव स्वतः स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले, म्हणून पाद्र्याचे पात्र त्यांनी आदराने रंगवले आहे. मात्र नाटक संपताना ते जोडपे चर्चकडे जात नाही; जोतीराव-सावित्रीबाईंच्या रात्रीच्या शाळेत जायचे ठरवते. माझ्या मते या शेवटात फुल्यांची ख्रिस्ती धर्माविषयीची सगळी भूमिका आली आहे. पाद्र्याचा प्रश्न विचारण्याचा हक्क त्यांनी घेतला, बाप्तिस्मा घेतला नाही. पुढे ‘गुलामगिरी’त येशूला त्यांनी बळीराजाच्या पंक्तीला बसवले. बळी म्हणजे ज्याचे राज्य कपटाने हिरावले गेले तो. हा येशू देवळातल्या सराफांच्या आसनांना लाथ घालणारा आहे. प्रवचनांतून आमच्या वस्तीत पोचला तो मात्र मुकाट सोसणारे कोकरू होऊन.

येशूचा बळी कसा झाला आणि बळीचे कोकरू कसे झाले, याचे कारण ‘पाप’ या कल्पनेत आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीवर लिहिलेला निबंध त्यांच्या समग्र लेखनाच्या पाचव्या खंडात १९८९ साली प्रसिद्ध झाला. त्यातला त्यांचा आक्षेप मर्मावर बोट ठेवणारा आहे. अस्पृश्य माणूस ख्रिस्ती होतो तेव्हा त्याला शिकवले जाते की त्याची अधोगती त्याच्या पापी स्वभावामुळे झाली. सभोवतालच्या व्यवस्थेमुळे ती झाली असे त्याला सांगितले जात नाही. मग व्यवस्थेशी भांडण्याची त्याची उमेदच संपते. ज्याचे घर लुटले गेले त्यालाच चोरीबद्दल पश्चात्ताप करायला लावणारी ही नीती आहे.

यावर कुणी म्हणेल, बाबासाहेबांनीही १९५६ साली नागपूरला बावीस प्रतिज्ञांत चोरी करणार नाही, खोटे बोलणार नाही, दारू पिणार नाही, असेच वदवून घेतले. मग फरक काय राहिला? फरक मोठा आहे. त्याच प्रतिज्ञांत जुन्या देवांना आणि विषमतेच्या धर्माला नकार आहे, सर्व माणसे समान असल्याची ग्वाही आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये त्यांनी सांगितले की एकट्या माणसाला धम्माची गरज नसते, दोन माणसे एकत्र आली की ती पडते. म्हणजे शील हे दोन माणसांमधल्या व्यवहारात असते. ते एकाच्या काळजात डांबून ठेवता येत नाही आणि दुसऱ्याला त्यातून मोकळे सोडता येत नाही.

मी ज्या वसतिगृहात राहून शिकलो तिथे दर रविवारी चारित्र्यावर व्याख्यान असे. व्याख्याते ख्रिस्ती नव्हते, पण साचा हाच होता. खोटे बोलू नये, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये. आमच्या ताटातली आमटी महिन्यागणिक पातळ का होते, हा विषय त्या व्याख्यानात एकदाही निघाला नाही.

या साच्याचे सर्वांत उघडे रूप गुन्हेगार जमातींच्या वसाहतींत दिसले. १८७१ चा कायदा आला, १९११ च्या कायद्याने त्याचे जाळे देशभर पसरले, आणि जन्माला येणारे मूलच गुन्हेगार ठरू लागले. अशा जमातींना ‘सुधारण्यासाठी’ मुक्तिफौजेने १९०८ पासून संयुक्त प्रांतात वसाहती चालवल्या. हातात काम, कानावर प्रार्थना आणि भोवती पहारा. दया खरी असेलही, पण कायद्याने लावलेला कलंक त्या दयेने खरा मानला. हा कायदा १९५२ साली रद्द झाला. पोलिसांच्या डोक्यातून तो अजून गेलेला नाही.

आता आमच्या वाळवे तालुक्यातले वाटेगाव पाहा. अण्णा भाऊ साठे तिथले. त्यांच्या ‘फकिरा’तल्या मांगांवर सरकारची हजेरी आहे. दुष्काळात माणसे अन्नावाचून मरू लागतात तेव्हा फकिरा धान्य लुटतो, पुढे सरकारी खजिना लुटतो आणि वाटून टाकतो. दहा आज्ञांपैकी एक त्याने उघड मोडली. पण आपल्यापायी सरकारने धरलेल्या माणसांसाठी तो स्वतःहून हजर होतो. इतरांसाठी प्राण देणे ही जर ख्रिस्ताची नीती असेल, तर ती या मांगाने कुठल्याही पाद्र्याकडून न शिकता आचरली आहे. आमच्या समीक्षेने ‘फकिरा’ला शौर्यकथा म्हणून मिरवले. नीतीचा ग्रंथ म्हणून तो वाचायचा राहून गेला आहे. चोर कोण, हा प्रश्न अण्णा भाऊंनी वसाहतीच्या कुंपणाबाहेर काढून सरकारच्या दारात नेऊन ठेवला.

मराठी ख्रिस्ती साहित्याचा इतिहास सांगताना बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, ना. वा. टिळक, लक्ष्मीबाई ही नावे येतात. त्यांची थोरवी मान्यच आहे. पण आमच्या भागातल्या मंडळ्या भरल्या त्या मुख्यतः महार-मांगांनी. त्यांच्या मनात काय घडले, देवळात एका बाकावर बसूनही सोयरीक जुळवताना जात कशी उठून उभी राहिली, याची स्मृतिचित्रे कुठे आहेत?

आणि शेवटी कायदा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जात हिंदूंपुरती ठेवली. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध तीत आले. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेरच राहिले. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली धर्माची अट काढायला सांगितले. २०२२ साली बालकृष्णन आयोग नेमला गेला. दरम्यान माणसे दोन नावांनी जगत आली आहेत: प्रार्थनेत एक, तहसीलदाराच्या दाखल्यावर दुसरे. रविवारी त्यांना खरे बोलण्याची आज्ञा ऐकवली जाते आणि सोमवारी खरे बोलल्यास पोराची शिष्यवृत्ती जाते. या खोटेपणाचे पाप कोणाच्या खाती मांडायचे, हे सांगितल्याखेरीज चारित्र्यावर बोलण्याचा अधिकार कुठल्याच व्यासपीठाला नाही.

जोतीरावांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त असे कुटुंब कल्पिले, ज्यात नवरा, बायको, मुलगा, मुलगी निरनिराळे धर्म पाळतात आणि प्रेमाने एकत्र राहतात. म्हणून बौद्ध झालेल्या आपण ख्रिस्ती झालेल्या भावकीकडे तुसडेपणाने पाहण्याचे कारण नाही. इस्लामपूर, कोडोली, मिरजेच्या मंडळ्यांतील म्हाताऱ्यांकडे, मिशनच्या शाळेत मास्तरकी केलेल्या महार-मांगांच्या घरी आपल्या विद्यार्थ्यांनी वही घेऊन गेले पाहिजे. पापाची कबुली त्यांच्याकडून पुष्कळदा घेतली गेली आहे. आता त्यांची फिर्याद लिहून घ्यायची आहे.