स्वर, कर्णे आणि दिवे

गायनाच्या कार्यक्रमावर लिहिताना आपण गायक, राग, साथसंगत यांविषयी विस्ताराने लिहितो. ध्वनिक्षेपणाचा उल्लेख झालाच तर आभारप्रदर्शनात होतो. वास्तविक उघड्या मंडपात बसलेला श्रोता आज गायकाचा गळा ऐकतच नाही; तो कर्णा ऐकतो. म्हणून कर्ण्यांची आणि दिव्यांची निवड हाही संगीतसमीक्षेचाच विषय मानला पाहिजे.

आपल्या भागाला तर तो विशेष लागू पडतो. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजेच सवाई गंधर्व (१८८६–१९५२), संगीत नाटकांतून स्त्रीभूमिका करीत. त्यांच्या उमेदीच्या काळात शेवटच्या रांगेपर्यंत स्वर न्यायचा तो गळ्याच्या तयारीवरच. त्यांच्याच शिष्या गंगूबाई हंगल यांचा भारदस्त, रुंद आवाज रसिक जाणतात. असा आवाज मिक्सरवर ‘गोड’ करू गेल्यास त्याचा कणाच मोडतो. उलट कुमार गंधर्वांच्या हळुवार उच्चारातले बारकावे दूरवर पोचले, ते मायक्रोफोनमुळे. तेव्हा यंत्र हे शत्रू नव्हे. ते कोणाच्या सेवेला आहे, एवढाच प्रश्न आहे.

उत्सव समित्या साऊंडवाल्याला पहिला प्रश्न विचारतात, “किती वॅटचे आहे?” हा प्रश्नच फसवा. वॅट दुप्पट केले तरी आवाजाची पातळी वाढते केवळ ३ डेसिबलने. कानाला आवाज दुप्पट भासण्यासाठी सुमारे १० डेसिबल, म्हणजे दसपट शक्ती लागते. दुसरीकडे, उघड्यावर अंतर दुप्पट झाले की पातळी ६ डेसिबलने उतरते. रंगमंचाशेजारी दोन अवाढव्य ठोकळे रचले की पुढच्यांचे कान बधिर होतात आणि मागच्यांना तान कळत नाही, ती यामुळेच. त्यापेक्षा मंडपाच्या मध्यावर लहान स्पीकर वाटून लावावेत. मात्र ध्वनीला ३४ मीटर जायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. तेवढा विलंब मागच्या स्पीकरला दिला नाही, तर एकच शब्द दोनदा ऐकू येतो.

निवडीची कसोटी सोपी आहे. शेवटच्या रांगेत तंबोरा स्पष्ट ऐकू यावा, आणि तबल्याच्या बायाँचा घुमारा गायकाच्या खर्जावर चढू नये. गायकासमोर स्वतःचा स्वर ऐकवणारा मॉनिटर असावा, पण माफक आवाजात. नाहीतर त्याचाच आवाज माईकमध्ये शिरून शिट्टी वाजते. दिव्यांची आणि ध्वनीची वीजजोडणी वेगळी असावी, म्हणजे स्पीकरमधली घरघर बरीच टळते.

दिव्यांचे शास्त्र याहून नाजूक. प्रखर हॅलोजनच्या उष्णतेने तबल्याची पुडी ताणते, तंबोऱ्याच्या तारा उतरतात. मग कलाकार पुनःपुन्हा जुळवत बसतो आणि श्रोते कंटाळतात. हल्लीचे एलईडी दिवे थंड असतात, पण रंग बदलण्याची सोय मिळाली म्हणून विलंबित ख्यालावर जांभळा-हिरवा प्रकाश नाचविणे ही अरसिकताच. समोरून थेट डोळ्यांवर प्रकाश टाकला, तर गायकाला श्रोता दिसत नाही आणि मैफलीचा संवादच तुटतो. आमच्या कलघटगीच्या लाकडी पाळण्यालाही गडद रंग असतात. पण नजर जाते ती आतल्या बाळाकडे.

आणखी एक गोष्ट. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकारने वर्षातून ठरविलेल्या जास्तीत जास्त १५ दिवशी १२ वाजेपर्यंत सवलत मिळते. त्यामुळे उत्तररात्रीचे राग मंडपातून जवळजवळ हद्दपार झाले, अशी तक्रार होते. पण बंद सभागृहात तेथल्या तेथेच ऐकू येईल असा आवाज ठेवला, तर नियम आड येत नाही. शे-दीडशे माणसांची बैठक भरवावी, एखादाच साधा माईक ठेवावा. मालकंस त्याच्या वेळी ऐकता येईल.

हा आग्रह केवळ जाणकारांच्या समाधानासाठी नाही. घरात मराठी आणि शाळेत कन्नड बोलणारी आपली मुले अभिजात गाणे प्रथम ऐकतात ती गणपती-नवरात्रातच. फाटक्या कर्ण्यातून ते कानावर आदळले, तर ‘हे गाणे म्हणजे आरडाओरड’ अशी समजूत ती आयुष्यभर बाळगतील. ज्या मातीत हे गाणे दोन्ही भाषांच्या घरांत वाढले, तिथे असे घडू नये. यंदा गायकाची बिदागी ठरविताना समितीने एक जाणता कान ध्वनिव्यवस्थेपाशीही बसवावा; दोन कर्णे कमी लागले तरी चालतील.