कोरलेलं रिव्हॉल्व्हर आणि संग्राहकाची नजर

वस्तूचं अस्सलपण नेमकं कुठे असतं, या प्रश्नासाठी आज आपण जरा आडवळणाचं उदाहरण घेणार आहोत. एकोणिसाव्या शतकातली अमेरिकन, टोपीवर उडणारी, नक्षीदार रिव्हॉल्व्हरं आणि ती जमवणारी मंडळी.

आधी वस्तू समजून घेऊ. सॅम्युएल कोल्टला अमेरिकेत पेटंट मिळालं १८३६ साली. हत्यार ठासणीचंच, पण ठासायचं ते फिरत्या सिलिंडरच्या प्रत्येक कप्प्यात. पुढून दारू आणि शिशाची गोळी, मागे तांब्याची चिमुकली टोपी. घोडा टोपीवर आपटला की ठिणगी दारूपर्यंत पोचते. पुढे धातूचं काडतूस आलं आणि हा प्रकार मागे पडला.

आता नक्षी. ती दोन तऱ्हेची. एक हातानं कोरलेली. जर्मनीहून आलेला गुस्ताव यंग हा त्यातला मोठा कारागीर. वेलबुट्टीत सोनं बसवलेली अशी रिव्हॉल्व्हरं कोल्ट राजेरजवाड्यांना भेट देत असे. क्रिमियन युद्धाच्या सुमारास ती तुर्कस्तानच्या सुलतानाला मिळाली आणि रशियाच्या झारलाही! म्हणजे लढणाऱ्या दोन्ही बाजूंना.

दुसरी तऱ्हा दाबून उमटवलेली. वॉटरमन ऑर्म्सबी हा न्यूयॉर्कचा, नोटांचे ठसे कोरणारा माणूस. त्यानं कोरलेला पोलादी ठसा सिलिंडरवर दाबून फिरवला की तेच चित्र हजारो नगांवर. १८५१च्या नेव्ही मॉडेलवर टेक्सास आणि मेक्सिकोच्या आरमारांची १८४३ची लढाई आहे. खिशातल्या छोट्या मॉडेलवर घोडागाडीवरचा दरोडा. आणि ड्रॅगून या जड मॉडेलवर काय, तर टेक्सासचे रेंजर मूळनिवासी घोडेस्वारांवर गोळ्या झाडताहेत.

हा ठसा उथळ असतो. चामड्याच्या म्यानात घासून, गंजून, तो पुसट होतो. म्हणून संग्राहक पहिला प्रश्न विचारतो: दृश्य किती टक्के शिल्लक आहे? या नजरेची आपण थट्टा करू नये. ती कमावलेली नजर आहे. सगळ्या सुट्या भागांवरचे क्रमांक जुळतात का, हे ती बघते. नक्षी आधी कोरलेली आणि निळसर झिलई नंतर चढवलेली, की जुनी झिलई कापून कुणी मागाहून नक्षी घातली, हे ओळखते. पुन्हा पॉलिश करून चकचकीत केलेला नग ती नाकारते. समीक्षेत आपण जो काटेकोरपणा शोधतो, तो इथे आहे.

पण मग अडतं कुठे? आम्ही तत्त्वज्ञान शिकवणारी माणसं, त्यामुळे नागसेन आठवणारच. तो मिलिंद राजाला विचारतो, रथ म्हणजे चाक का? आस का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. सगळे भाग एकत्र येतात तेव्हा त्याला ‘रथ’ हे नाव मिळतं. संग्राहकही भाग तपासतो, क्रमांक जुळवतो. पण हे भाग एकत्र आणले होते ते माणूस मारण्यासाठी, हे त्याच्या हिशेबात कुठेच येत नाही. उलट, न वापरलेला नग सर्वांत मोलाचा!

‘दृश्य नव्वद टक्के’ हे शब्द पुन्हा ऐका. नव्वद टक्के काय? त्या चित्रात माणसं मरताहेत. हत्याराचा रोख कुणावर, हे बनवणाऱ्यानं स्वतःच पोलादावर लिहून ठेवलं आहे, आणि आपण मोजतोय रेषांची खोली. मग आपल्याला असं वाटतं की पुसट झालेला सिलिंडर तितकाच बोलका आहे. तो कुणाच्या तरी कमरेला होता, याचा तो पुरावा असतो. चित्र झिजलं, कारण वस्तू जगात वावरली.

म्हणजे संग्रह बंद करा, असं आपण म्हणत नाही. जमवणारे नसते तर हे सगळं भंगारात गेलं असतं आणि आज बोलायलाही काही उरलं नसतं. मागणी साधी आहे. वर्णनात टक्केवारी लिहिता ना, तिच्याशेजारी एक ओळ लिहा: चित्रात कोण आहे, आणि कोण कुणाला मारतंय. तेवढ्यानं किंमत कमी होणार नाही. नजर मात्र पूर्ण होईल.

थांबूया इथे. आता तुमचे प्रश्न घेऊ.